घरची खोली आणि नादशुद्धि

उत्तम यंत्र विकत आणिलें म्हणजे उत्तम संगीत घरांत आलें, अशी पुष्कळांची समजूत असते. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत कित्येक जुने वाडे जाऊन त्यांच्या जागीं उंच इमारती झाल्या. त्यांतील १०-१२ फुटी खोलींत वृद्ध गृहस्थ ख्याल ऐकावयास बसतो, तेव्हां बंदिशीचे शब्द त्यास उमगत नाहींत. तो आवाज वाढवितो. शब्द अधिकच बुजतात, आणि दोष बिचाऱ्याच्या कानांवर येतो. वस्तुतः दोष पुष्कळदां भिंतींचा असतो.

जुन्या बैठकींत गादी, लोड, जाजम असे. नाद त्यांत जिरे. हल्लींची गुळगुळीत फरशी, काच व गिलावा तो जवळजवळ सगळा परत फेंकतात. मागल्या स्वराची शेपटी पुढल्या स्वरावर पडते आणि व्यंजनें झांकलीं जातात. इ. स. १८९५ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकापुढें हेंच कोडें आलें. तेथील एका नव्या सभागृहांत वक्त्याचे शब्द कळत नसत. त्यानें जवळच्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या आणून मांडल्या आणि प्रत्येक वेळीं नाद किती सेकंद टिकतो तें मोजलें. गाद्या वाढल्या, तसा नाद लवकर निमाला.

मात्र असें शोषक साहित्य कोठें ठेवावें, यांतच खरें मर्म आहे. श्रोत्यानें आपल्या नेहमींच्या जागीं बसावें व दुसऱ्यानें बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. श्रोत्यास आरशांत ध्वनिक्षेपक जेथें दिसेल, तेथूनच नाद उसळून कानीं येतो. तेथें ४ इंच जाडीचा, कापडांत शिवलेला रॉकवूलचा तक्ता लावावा. दुसऱ्या बाजूच्या भिंतीसही तसाच. भिंत व तक्ता यांत चार बोटें पोकळी असावी. पावसाळ्यांत बुरशीचें भय कमी होतें, आणि खर्जाचा नादही अधिक शोषला जातो. पातळ पडद्यानें केवळ वरचा नाद मरतो. डग्ग्याचा घुमारा तसाच राहतो, कारण सेकंदास १०० कंपनांच्या नादाची लहर सुमारें ११ फूट लांब असते. त्यासाठीं कोपऱ्यांत जाड भरणी हवी. सर्व भिंती मात्र मढवूं नयेत. गाणें निष्प्राण होतें. पाठीमागें पुस्तकांचें कपाट पुरे.

या उपायानें शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. परंतु शब्द स्पष्ट झाले म्हणजे आवाज चढवावा लागत नाहीं. वृद्धास ऐकूं यावें आणि शेजाऱ्याची झोंप मोडूं नये, हे दोन्ही हेतु त्यानें साधतात. नवें यंत्र घेण्यापूर्वीं गृहस्थानें एवढें करून पाहावें.