येऊन जाऊ देत का एकदाच्या?

मैत्रिणींनो,

थंडी ओसरून शिमगा जवळ आला, की तुमच्या पत्रांचे विषय बदलतात. तिळाच्या वड्या मागे पडतात आणि वाळवणं, वार्षिक परीक्षा नि मुलांची दुखणी पुढे येतात. या दिवसांतलं ठरलेलं दुखणं म्हणजे कांजिण्या. यंदा त्यावर एका भगिनीचं पत्र आलं, ते वाचून मी चहा बाजूला ठेवला.

त्या लिहितात, "माझ्या सात वर्षांच्या मुलीला परवा कांजिण्या निघाल्या. धाकटा दोन वर्षांचा आहे. सासूबाई म्हणतात, त्यालाही तिच्याच शेजारी निजव, दोघांचं एकदम उरकेल. लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या. यजमानांनाही ते पटतंय, कारण आम्हा दोघांना रजा मिळणार ती एकदाच. मला मात्र धीर होत नाही. पण बोलायची चोरी! सासूबाई काही वाइटासाठी थोड्याच सांगतात?" आणि शेवटी ता. क. म्हणून एक ओळ : "खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहते. तिला तिसरा महिना आहे. शाळेतून आली की मुलं तिच्याकडेच असतात."

त्यांना मी फोन करून काय सांगायचं ते लगेच सांगितलं. अंक छापून हाती पडेपर्यंत कांजिण्या थोड्याच थांबतात! पण हा प्रश्न काही एका घरचा नाही. "येऊन जाऊ देत एकदाच्या" हे वाक्य आपण प्रत्येकीने कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणून आज जरा सविस्तर.

सासूबाईंचं कुठे बरोबर आहे?

आधी त्यांची बाजू. त्यांच्या लहानपणी देवीचे व्रण असलेले चेहरे गल्लोगल्ली दिसत. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. देवीने नेलेली मुलं आणि गेलेले डोळे ज्यांनी ऐकले-पाहिले, त्यांना कांजिण्या किरकोळ वाटल्या तर नवल नाही. शिवाय तेव्हा कांजिण्यांवर लस नव्हती. म्हणजे त्या आज ना उद्या यायच्याच, मग लहानपणी आलेल्या बऱ्या, हा हिशेब त्या काळापुरता शहाणपणाचाच होता. मोठ्या माणसाला कांजिण्या जड जातात, हे आजही खरं आहे. ताप जास्त, फोड जास्त, फुप्फुसाला सूज येण्याची भीती जास्त. आणि आपल्यासारख्या उष्ण हवेच्या देशांत कितीतरी जणांना त्या लहानपणी येतच नाहीत. मग वसतिगृहात किंवा नोकरीच्या गावी एकटं असताना गाठतात.

तेव्हा सासूबाईंना अडाणी ठरवून वाद घालू नका. त्यांचा हिशेब जुना आहे, इतकंच.

एकदम उरकतं का?

नाही! ही गोष्ट घरातल्या पुरुषमंडळींना आधी सांगा. कांजिण्यांची लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात, बहुधा दोन आठवडे. म्हणजे धाकट्याला आज ताईच्या कुशीत निजवलं, तरी त्याला फोड येणार ते ताई बरी होऊन शाळेत जायला लागल्यावर. रजा दोनदा लागायची ती लागणारच.

दुसरं असं, की एकाच घरात पहिल्या मुलाकडून दुसऱ्याला लागण होते, तेव्हा दुसऱ्याचं दुखणं बहुधा जास्त जोराचं असतं. रात्रंदिवस जवळ राहिल्याने विषाणूंचा मारा मोठा होतो, असं त्याचं कारण मानतात. मुद्दाम शेजारी निजवून आपण "सौम्य" कांजिण्या मागवत नाही, उलटंच होण्याचा संभव.

तिसरं, बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत खडखडीत बरी होतात, हे खरं. पण थोड्यांच्या फोडांत पू होऊन तो संसर्ग अंगात पसरतो, आणि क्वचित फुप्फुसाला किंवा मेंदूला सूज येते. ती थोडी मुलं कोणती, हे ना आईला आधी सांगता येतं ना डॉक्टरांना.

आणि चौथं म्हणजे, कांजिण्या "येऊन जात" नाहीतच. फोड वाळतात, पण विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून राहतो आणि उतारवयात काहींना नागीण होऊन उठतो. आजोबांची नागीण म्हणजे त्यांच्या लहानपणच्या कांजिण्याच! म्हणूनच नागिणीच्या उघड्या फोडांतून नातवाला कांजिण्या होऊ शकतात. ते फोड वाळेपर्यंत झाकून ठेवावेत.

आधी जावेकडे बघा

माझ्या मते त्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ ता. क. मध्ये होती. आपण विचार करतो तो आपल्या मुलाचा. त्याला सोसेल की नाही, परीक्षा बुडेल का, आपली रजा पुरेल का. पण कांजिण्या आपल्या उंबऱ्याशी थांबत नाहीत. मुलीच्या अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ती इतरांना लागण देत असते. म्हणजे ती काकूच्या मांडीवर बसून खेळली, तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

गरोदर बाईला पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या असतील, तर सहसा काळजीचं कारण नसतं. पण आल्या नसतील किंवा आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. रक्त तपासून तिला संरक्षण आहे की नाही ते कळतं. नसेल तर काय इंजेक्शन, काय औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, आणि तिथे दिवस मोजलेले असतात. पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या, तर क्वचित बाळात व्यंग राहतं. बाळंतपणाच्या आगेमागे झाल्या, तर तान्ह्या बाळाला त्या फार जड जातात. खुद्द आईच्या फुप्फुसालाही धोका असतोच. आणि गरोदरपणात ही लस देता येत नाही.

हेच कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांचं, स्टेरॉइडची औषधं घेणाऱ्यांचं, मूत्रपिंड बदललेल्यांचं. अशी माणसं घरात किंवा शेजारी असतील, तर त्यांना आधी कळवा.

मग धाकट्याचं काय? खरं सांगायचं, तर ज्यांना पूर्वी आल्या नाहीत अशा घरातल्या दहा जणांपैकी नऊ जणांना लागण होतेच. तरी त्याला वेगळं निजवावं आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठावं. लागण झाल्यापासून तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांत लस टोचली, तर कांजिण्या टळतात किंवा सौम्य येतात. इतकं करूनही आल्या, तर स्वतःला बोल लावू नका.

या लसीची हकिगत मला फार आवडते. मिचिआकी ताकाहाशी या जपानी डॉक्टरांच्या तीन वर्षांच्या मुलाला १९६४ साली खेळगड्याकडून कांजिण्या आल्या आणि त्या अतिशय जोराच्या आल्या. उशाशी बसून ते पाहिलेल्या त्या बापाने पुढे लस तयार केली आणि १९७४ साली ती जगापुढे ठेवली. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ ती दोन मात्रांत देतात. पहिली पंधराव्या महिन्याच्या सुमारास, दुसरी त्यानंतर काही महिन्यांनी. राहून गेली असेल, तर मोठेपणीही घेता येते. सरकारी मोफत लसींत ती नसल्याने खर्च हजारांत जातो, हे मान्य. भिशीचे पैसे हाती आले, की त्यातून पहिली मात्रा उरकावी, असं मी सुचवीन.

"कुणी आणल्या?"

कांजिण्या घरात आल्या, की आईचं मन चारी बाजूंनी भरून येतं. मुलीच्या चेहऱ्यावर व्रण राहतील का ही भीती, वाढदिवसाला कुणाच्या मुलाने "दिल्या" याचा राग, आणि आपल्याकडून दुसऱ्याला गेल्या तर काय, ही लाज. मी दुपारच्या वेळात शाळेत शिकवते. तिथे "ताप होता" एवढीच चिठ्ठी घेऊन मूल येतं आणि कॉलरच्या आत ओल्या खपल्या दिसतात. त्या आईचा मला राग येत नाही. परीक्षा बुडायची भीती आणि लोक काय म्हणतील हे ओझं मला समजतं. पण त्याच वर्गातल्या एखादीची आई दिवसांची असते.

फोड दिसायच्या आधी लागण झाली असेल, तर तो कुणाचाच अपराध नाही. तेव्हा "कुणी आणल्या" याचा शोध सोडून द्या. पण कळल्यानंतर लपवणं मात्र आपल्या हातात आहे. गेल्या दोन-तीन दिवसांत मूल जिथे जिथे खेळलं, तिथे फोन करून सांगा. सगळ्या फोडांवर कोरड्या खपल्या धरेपर्यंत शाळा नाही, शिकवणी नाही, लग्नकार्य नाही. साधारण आठवडा लागतो.

घरी काय करावं?

नखं कापा. सैल सुती कपडे घाला. कोमट पाण्याने रोज आंघोळ घातली तरी चालते, अंग मात्र पुसताना टिपून घ्या, चोळू नका. खाजेला कॅलामाईन लावा. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवावा असं सासूबाईंना वाटत असेल, तर खुशाल ठेवू द्या. घरात फोडणी द्यायची नाही हेही पाळा हवं तर, मुलाला दहीभात, मऊ खिचडी, पेज मिळाली की झालं. उपास मात्र नको. आणि पाणी भरपूर.

तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. ॲस्पिरिन मुळीच नको, त्याने मुलांच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आयब्युप्रोफेनही आपल्या मनाने देऊ नका. ताप चार दिवसांहून जास्त राहिला किंवा उतरून पुन्हा चढला, फोडाभोवती लाल, गरम, दुखरी सूज आली, मूल गुंगीत राहू लागलं, चालताना झोकांड्या द्यायला लागलं, सारखं ओकू लागलं किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि मोठ्या माणसाला कांजिण्या निघाल्या, तर पहिल्याच दिवशी दाखवा. औषध पहिल्या चोवीस तासांत सुरू झालं, तर जास्त उपयोगी पडतं.

शेवटी एक छोटं काम. हिशेबाच्या वहीचं एक पान घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, दादांपासून पोळ्यांच्या मावशींपर्यंत, आणि नावापुढे लिहा : कांजिण्या येऊन गेल्या, लस घेतली, की दोन्ही नाही. सासूबाईंना विचारल्याशिवाय ते पान पुरं व्हायचं नाही. कुणाला कधी काय झालं होतं, ते त्यांनाच तर ठाऊक असतं. त्यांच्याजवळ बसून लिहा. नव्या हिशेबाचं बोलणं त्यातूनच निघेल.

पुढच्या आठवड्यात वाळवणांबद्दल. तोवर मुलांना जपा, स्वतःलाही.