करंडीचे झाकण उघडल्यावर

पर्युषण जवळ आले की जीवदयेच्या निधीकडे दानाचा ओघ सुरू होतो. कोणी पांजरपोळात चाऱ्याची रक्कम भरतो, कोणी पक्ष्यांच्या औषधोपचारासाठी देणगी लिहवतो. काही घरांत याच दिवसांत आणखी एक जुनी रीत पाळली जाते. बाजारातून पाखरांची करंडी विकत घ्यायची आणि मोकळ्या माळावर तिचे झाकण उघडायचे. अंधेरीच्या श्रावकाला माळ शोधत दूर जावे लागत नाही. मरोळ-मरोशीच्या रस्त्याने आरे वसाहतीचे गवत जवळच आहे. मुले टाळ्या वाजवतात, पाखरे गवतात दिसेनाशी होतात आणि अभयदानाचे समाधान घेऊन कुटुंब घरी परतते.

या समाधानाचा हिशेब कधीतरी मांडायला हवा, आणि हिशेब मांडणे व्यापारी घराण्यांना कोणी शिकवावे असे नाही.

करंडीत लाव्यांची पिल्ले असतील, तर ती बहुधा जपानी लाव्याची असतात. हा पक्षी १९७४ साली पाळण्यासाठी भारतात आणला गेला. पिढ्यान्‌पिढ्या खुराड्यात वाढल्यामुळे त्याला दाणा भांड्यात मिळतो एवढेच ठाऊक असते. घारीची सावली पडली की गवतात दबून बसावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आरेमध्ये मांजरे, भटकी कुत्री, मुंगूस, शिक्रा, कावळे सारेच आहेत. टाळ्या थांबल्यानंतर त्या पिल्लांचे काय होते, हे पाहायला कोणी थांबत नाही. शिवाय खुराड्यातील रोग घेऊन ती रानातल्या पक्ष्यांत मिसळली, तर ज्यांना कधी कोंडलेच नव्हते त्यांच्याही जिवावर बेतू शकते.

करंडीत तितर, मुनिया किंवा पोपट असतील तर गोष्ट अधिक गंभीर होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या भाषेत पक्षी जाळ्यात पकडणे हीसुद्धा शिकारच आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापाराला वाव उरलेला नाही. सोडून देण्यासाठी घेतला, म्हणून तो व्यवहार वैध ठरत नाही.

आता त्या करंडीकडेच पाहावे. लावा किंवा तितर घाबरला की सरळ वर उसळी घेतो. वर कठीण झाकण असेल तर डोक्याची कातडी सोलवटते, कधी मानच मोडते. म्हणून जाणकार लोक अशा पक्ष्यांसाठी बुटकी पेटी वापरतात, आतून वर मऊ कापड ताणतात, तळ घसरू नये याची काळजी घेतात आणि हवा राहील पण उजेड कमी राहील अशी भोके ठेवतात. बाजारातल्या करंडीत यातले काही नसते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कोंडलेली, दाटीवाटीने भरलेली, पंख छाटलेली, तहानलेली पाखरे श्रावकाच्या हाती येतात, तेव्हा यांतले बहुतेक अतिचार घडून गेलेले असतात. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला ते कोणासाठी घडले हा प्रश्न टाळता येत नाही. मागणी तसा पुरवठा, हा पेढीवरचा नियम येथेही लागू होतो. पर्युषणात करंड्या खपतात हे विक्रेत्याला आधीच ठाऊक असते. दिलेली किंमत म्हणजे पुढच्या जाळ्याचा बयाणा होय.

नेमिकुमारांची कथा घराघरांत सांगितली जाते. विवाहभोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी रथ मागे फिरवला. त्यांनी ते पशू मोल देऊन घेतले नाहीत. ज्या भोजनासाठी ते कोंडले होते, त्या विवाहालाच त्यांनी नकार दिला.

इंग्लंडात दरवर्षी कोट्यवधी फेझंटची पिल्ले पेट्यांत भरून रानात नेली जातात. काळ साधारण जुलै-ऑगस्टचा, म्हणजे आपल्या चातुर्मासाचा. हेतू मात्र उलटा असतो. १ ऑक्टोबरपासून त्यांच्यावर बंदुका रोखल्या जातात. पण तेथेही पिल्लांना पेटीतून थेट माळावर ओतत नाहीत. रानातच वरून उघडे कुंपण घालून, दाणापाणी देऊन त्यांना काही आठवडे रुळवतात आणि ती आपापली बाहेर पडतात. जे मारण्यासाठी सोडतात तेही इतके करतात, ही गोष्ट मनाला लागते.

पावसाळ्यात अंधेरीच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात पिल्लू पडलेले आढळले आणि ते जखमी असले, तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडावीत, तळाशी सुती कापड घालावे, पिल्लू आत ठेवून खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. रानपक्षी ताब्यात आल्यास अठ्ठेचाळीस तासांत कळवणे कायद्यानेही बंधनकारक आहे. जखमी पक्ष्याची जखम भरली तरी त्याला लगेच सोडता येत नाही. पंखांत बळ यावे म्हणून आधी लांब, उंच पिंजऱ्यात उडण्याचा सराव द्यावा लागतो. अशा पिंजऱ्याला जागा लागते, दाणा लागतो, राबणारी माणसे लागतात, आणि करंड्यांवर जाणारी रक्कम तेथे उपयोगी पडते.