‘ड्रॉप’ घेणाऱ्यांना जिद्द शिकवू नका

मराठी वर्तमानपत्रांना ‘जिद्द’ या शब्दाचं व्यसन आहे. निकालाच्या मोसमात जिल्हा पानावर फोटो येतो. पेढा भरवणारी आई, मागे पत्र्याचं घर, वर ‘परिस्थितीवर मात’ छापाचा मथळा. बातमीत कुठेतरी मध्यावर एक वाक्य हमखास असतं, की पहिल्या प्रयत्नात यश आलं नाही पण त्यानं जिद्द सोडली नाही. माझं भांडण त्या ‘पण’शी आहे. तो दोन अक्षरांचा शब्द एक अख्खं वर्ष गिळून बसतो. त्या वर्षात पोरगा कुठे झोपला, अभ्यासिकेचे पैसे कुणी भरले, घरातलं दुसरं कोण कमी शिकलं, यातलं काहीच बातमीत येत नाही.

मी बारावीनंतरच्या नीटबद्दल किंवा एमपीएससीबद्दल बोलत नाहीये, त्यावर बरंच बोलून झालंय. मी बोलतोय पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षांबद्दल. सीयूईटी-पीजी, एमबीए सीईटी, कॅट, गेट. भोकरदन, परतूर, मंठा, घनसावंगीच्या कॉलेजातून बीए, बीएस्सी, बीकॉम झालेली पोरं या परीक्षा देतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मनासारखा स्कोअर मिळत नाही. बारावीनंतरचा ड्रॉप आता आपल्याकडे मान्य झालाय, त्याला प्रतिष्ठाही आलीये. पदवीनंतरचा ड्रॉप मात्र घरी समजावून सांगता येत नाही. डिग्री हातात आहे, वय एकवीस-बावीस आहे, आणि पोरगं पुन्हा परीक्षा द्यायची म्हणतंय. म्हणजे नक्की काय करतंय?

त्यात पर्सेंटाइलचा घोळ. एमबीए सीईटीत बासष्ट पर्सेंटाइल आले असं सांगितलं की चुलते म्हणतात, “फर्स्ट क्लास की रं!” आणि पोराला हसावं की रडावं कळत नाही. बासष्ट पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले बासष्ट मार्क नव्हेत. परीक्षा देणाऱ्या शंभरातले साधारण बासष्ट जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ही रांग आहे, आणि रांगेत कुणीतरी बासष्टाव्या जागी उभं राहणारच. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी रांग तेवढीच लांब राहते, फक्त उभं राहणाऱ्यांचे पाय जास्त दुखतात. मेहनत करून तुम्ही त्या रांगेत पुढे सरकू शकता, हे खरंच आहे. पण मागे राहिलेल्या प्रत्येकाला मेहनत कमी पडली म्हणणं हे गणिताच्याच विरोधात आहे.

आणि रांग सुरू कुठून होते तेही बघा. सीयूईटी-यूजी, म्हणजे बारावीनंतरची परीक्षा, तेरा भाषांत देता येते, त्यात मराठी आहे. तीच एनटीए पदवीनंतरची सीयूईटी-पीजी घेते तेव्हा भाषाविषयांसारखे काही पेपर सोडले तर प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत येतात. म्हणजे अंबडच्या मुलीनं तीन वर्षं इतिहास मराठीत वाचला, मराठीत लिहिला, आणि हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात एमए करायचं ठरवलं, तर तिला मौर्यांपासून मराठ्यांपर्यंत सगळं पुन्हा एकदा दुसऱ्या भाषेत शिकावं लागतं. ती इतिहासात कच्ची नसते. तिचा पहिला प्रयत्न भाषांतरात खर्च होतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. अभिजात भाषेत शिवकालावरचा एक पर्यायी प्रश्न छापायला काय अडचण आहे, हे कुणी विचारलं नाही.

मराठवाड्याला हे नवं नाही म्हणा. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. आपल्या भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं थेट १९५८ मध्ये, औरंगाबादला. त्याआधी आठ वर्षं बाबासाहेबांच्या पुढाकारानं तिथे मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं होतं. शिकायचं तर दुसऱ्याच्या गावी आणि दुसऱ्याच्या भाषेत, ही इथली जुनी अट आहे. आता ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलीये एवढंच.

आता पैशांचं. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपण अजून मिरवतो. सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या दाखवून मिरवतो. पाळण्यात कोण झोपतं हा वेगळा विषय. २०२५ च्या कॅटचा फॉर्म २६०० रुपयांचा होता. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना निम्मा, बाकी सगळ्यांना पूर्ण. ओबीसींना पूर्ण, आर्थिक दुर्बल असल्याचा दाखला असला तरीही पूर्ण. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे आठ दिवस खणून-वाहून झाल्यावरही फॉर्मचे पैसे पुरे होत नाहीत, आणि हा फक्त फॉर्म आहे. क्लास, टेस्ट सिरीज, संभाजीनगरची कॉट बेसिसवरची खोली, मेस, हे सगळं त्याच्यावर. दुसऱ्या प्रयत्नाला हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, कारण कॅटचा स्कोअर पुढच्या वर्षी चालत नाही. गेटचा मात्र तीन वर्षं चालतो. इंजिनिअरचं ज्ञान तीन वर्षं टिकतं आणि मॅनेजरचं वर्षात नासतं, असं काही शास्त्रात नाही. कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेला हा नियम आहे आणि त्याचं बिल पोरांच्या घरी येतं.

परीक्षा घेणाऱ्यांनाही दुसरा प्रयत्न लागतो, हे आपण फार लवकर विसरतो. १८ जून २०२४ ला यूजीसी-नेट झाली, नऊ लाखांवर उमेदवार बसले, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षाच रद्द. ज्या पेपरफुटीच्या स्क्रीनशॉटवरून गदारोळ झाला तो पुढे सीबीआयला बनावट आढळला. त्याच आठवड्यात नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. डॉक्टर झालेली पोरं दुसऱ्या शहरातल्या लॉजवर हॉलतिकीट घेऊन बसलेली असताना! या कारभाराला कुणी ‘ड्रॉपर’ म्हटलं नाही, त्यांच्या गॅपबद्दल कुणी मुलाखतीत विचारलं नाही. पुनर्परीक्षा झाली, प्रसिद्धिपत्रक निघालं, विषय संपला. पोरानं तेच केलं की ते ‘एक वर्ष वाया गेलं’ होतं.

वाया जाणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या मोसंबीवाल्यांना विचारा. बहार धरायचा तर आधी बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड सुकल्यासारखं होतं, पानं गळतात, मग पाणी सोडलं की फुटतं. ताण किती दिवस द्यायचा हे जमीन बघून ठरतं, हलक्या रानाला कमी, भारी रानाला जास्त. एखादा बहार हुकला म्हणून कुणी झाडाला आळशी म्हणत नाही. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात काय झालं? ताण होताच, सोडायला पाणी नव्हतं. जालना जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. जिद्दीची व्याख्यानं झोडणाऱ्यांना फक्त ताण माहीत आहे. पाण्याबद्दल ते बोलत नाहीत.

मुलींच्या बाबतीत हे पाणी आणखी लवकर तुटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) शेजारच्या परभणीत वीस ते चोवीस वयाच्या ४८ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याचा आकडा सुमारे २२ आहे. अशा भागातली मुलगी बीएस्सी होते तेव्हा ती आधीच एका मोठ्या चाळणीतून सुटून आलेली असते. मुलग्याच्या ड्रॉपला घरात ‘तयारी करतोय’ म्हणतात. तिच्या ड्रॉपला ‘घरीच आहे’ म्हणतात, आणि घरीच आहे म्हटलं की स्थळं यायला लागतात. तिला दुसरा प्रयत्न मिळतो तो अभ्यासासाठी नव्हे, लग्न लांबवण्यासाठी, आणि त्या वर्षात स्वयंपाक, धाकट्यांचा अभ्यास, आजीचं औषधपाणी हे सगळं तिच्याच वाट्याला येतं. तिचा स्कोअर पुन्हा तेवढाच आला तर मोटिव्हेशनल स्पीकरनं कृपा करून गप्प बसावं.

मग पुन्हा बसायचं की नाही? तुमच्यापैकी कुणी आत्ता हाच प्रश्न घेऊन फोनवर हे वाचत असेल, तर रील बंद करा आणि रिस्पॉन्स शीट उघडा. सीयूईटी असो की कॅट, ती मिळते. चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न बघा आणि समोर लिहा: येत नव्हता, येत होता पण वेळ संपला, की वाक्यच कळलं नाही. दोन संध्याकाळचं काम आहे. वेळ संपल्यामुळे गेलेले प्रश्न जास्त असतील तर तुम्हाला वर्षभर नाही, काही महिने घड्याळ लावून पेपर सोडवायची गरज आहे, आणि ते नोकरी करतही जमतं. वाक्य कळलं नसेल तर क्लासपेक्षा रोज तासभर इंग्रजी वाचन उपयोगाचं. कॅटमध्ये ६८ पैकी २४ प्रश्न नुसत्या इंग्रजी वाचनाचे असतात. विषयच येत नसेल तर वर्ष लागेल, आणि ते वर्ष कोण भरणार याचा हिशेब घरच्यांसमोर बसून, कागदावर करा. तो जमत नसेल आणि तुम्ही परीक्षा सोडली, आपल्याच विद्यापीठात एमएला प्रवेश घेतला किंवा एमआयडीसीत कामाला लागलात, तर तुम्ही हरलात असं सांगणाऱ्याला त्याच्या पहिल्या प्रयत्नाचे पैसे कुणी भरले होते ते विचारा.

आणि काही गोष्टी मागता येतात. जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून जास्त वेळा होते, त्यातला चांगला स्कोअर धरतात. २०२६ साठी राज्यानं एमबीए सीईटीही दोनदा घ्यायचं जाहीर केलं. मग दुसरी संधी ही जिद्दीची परीक्षा नाही, वेळापत्रकातली एक तारीख आहे, हे सरकारनंच मान्य केलं ना? तर सीयूईटी-पीजीलाही ती तारीख हवी. प्रश्न मराठीत हवेत. कॅटचा स्कोअर दोन वर्षं चालायला हवा. फीची सवलत घरच्या उत्पन्नावर ठरायला हवी. आणि तालुक्याच्या गावी, बसस्टँडपासून चालत जाता येईल अशी, मुलींना रात्री नऊपर्यंत बसता येईल अशी सरकारी अभ्यासिका हवी, जिच्यात लाइट गेली तरी पंखा चालेल.