पत्ते टाकण्याचे धैर्य

पोकरच्या स्पर्धेत खेळाडू दहा उरले आहेत आणि बक्षिसे नऊ. या टप्प्याला 'बबल' म्हणतात. मोठी रास असलेला प्रतिस्पर्धी सर्वस्व पणाला लावायला भाग पाडतो, तेव्हा बरी पाने असूनही ती टाकावीत काय? गणित सांगते, बहुधा टाकावीत. चिप्स दुप्पट झाल्याने अपेक्षित बक्षीस दुप्पट होत नाही. चिप्स गेल्या तर मात्र सारेच जाते. अर्थात सतत पाने टाकणाराही सक्तीच्या पैजांत झिजत जातो.

आपली साहित्यदृष्टी या माघारीला सहसा भित्रेपणा मानते. द्यूतात हरलेले सारे परत मिळाल्यावर इंद्रप्रस्थाकडे निघालेला युधिष्ठिर एका निरोपावर माघारी फिरतो, पुन्हा खेळतो आणि वनवास पत्करतो. तो घरी गेला असता तर कथाच थांबली असती.

शहाद्याचा पपई उत्पादक पडत्या भावातही फळ उतरवतो. पिकलेले फळ थांबत नाही आणि पुढच्या लागवडीपुरते भांडवल वाचवायचे असते. त्यात नाट्य नाही, विवेक आहे. शोकांतिका शिकवताना 'तो थांबला का नाही?' असे आपण वर्गात विचारतो. थांबलेल्या माणसाला नायक मानायला मात्र आपली समीक्षा अजून तयार नाही.