किडीचें छायाचित्र आणि भिंगाची निवड

पिकावर रोग पडला किंवा कीड दिसली म्हणजे पूर्वीं शेतकरी रोगट फांदी रुमालांत बांधून तालुक्याच्या गांवीं नेत असे. आतां तो खिशांतील मोबाईल काढतो, छायाचित्र घेतो, आणि घरबसल्या तें कृषि विज्ञान केंद्राकडे, विद्यापीठांतील तज्ज्ञांकडे किंवा आमच्यासारख्या मासिकाकडे धाडतो. ही सोय मोठी आहे व तिचें आम्ही स्वागतच करतों. परंतु आमच्याकडे येणाऱ्या छायाचित्रांचा अनुभव विचाराल, तर त्यांतील फार मोठा भाग निरुपयोगी असतो, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. हिरव्या पानाचा पुसट पट्टा, त्यावर कांहींतरी काळें किंवा तांबूस, आणि खालीं प्रश्न, ‘कोणतें औषध मारावें?’ अशा चित्रावरून उत्तर देणारा केवळ अंदाज करतो, आणि त्या अंदाजाचा खर्च शेतकऱ्याच्या माथीं बसतो.

यांत आमचाही एक दोष आम्ही वाचकांपासून लपवीत नाहीं. गेल्या वर्षीं एका सभासद बागाईतदारांनीं मिरचीच्या आकसलेल्या शेंड्याचें छायाचित्र आमच्याकडे पाठविलें. पान वर वळलें आहे कीं खालीं, हेंही त्यांत धड दिसत नव्हतें. आम्ही फुलकिडे असावेत असें कळविलें. त्यांनीं दोन फवारण्या केल्या, तरी आकसणें वाढतच गेलें. शेवटीं ते स्वतः शेंडा घेऊन आले. भिंगाखालीं पाहतांच फुलकिडा एकही नाहीं, आणि पानाच्या खालच्या अंगास कोळी किडीची मात्र दाटी! औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली, आणि ऐन भावांतला एक तोडाही हातचा गेला.

मिरचीच्या जुन्या लागवडदारांस हा फरक ठाऊक असतो. फुलकिड्यांनीं रस शोषला म्हणजे पानाच्या कडा वर वळतात. पिवळ्या कोळ्यानें शोषला म्हणजे त्या खालीं वळतात व पान उपड्या होडीसारखें दिसतें. फुलकिड्यांवर चालणारीं पुष्कळ औषधें कोळ्यावर मुळींच चालत नाहींत. कोळ्याला आठ पाय असून तो कीटकवर्गांतला नव्हे, आणि त्यासाठीं कोळीनाशकच लागतें. इतकेंच नव्हे, तर कांहीं कीटकनाशकांच्या फवाऱ्यानें कोळ्याचे नैसर्गिक शत्रु मरून कोळी उलट फोफावतो. शिवाय प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर अनावश्यक विष. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट कोणीही विसरूं नये. म्हणून जवळून छायाचित्र कसें घ्यावें व त्यासाठीं कोणतें भिंग निवडावें, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा आहे असें आम्ही समजत नाहीं. तो पिकाच्या आणि माणसाच्या रक्षणाचा प्रश्न आहे.

भिंग निवडण्यापूर्वीं पाहावयाचें काय, हें ठरविलें पाहिजे. २०१८ सालीं आपल्या देशांत प्रथम आढळलेली मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी वाढल्यावर तीन-चार सेंटिमीटर लांब होते. तिच्या डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेपटाकडून दुसऱ्या खंडावरील चौकोनांत बसविल्यासारखे चार ठिपके साध्या मोबाईलनेंही स्पष्ट येतात. तेथें कोणतेंही जोडभिंग नको. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे हे एक ते तीन मिलिमीटरांचे जीव. यांना दसपट भिंग पुरतें. लाल कोळी अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास असतो. दसपट भिंगानें तो ओळखूं येतो. मिरचीवरचा पिवळा कोळी त्याच्याही निम्म्याहून लहान. त्याला पंधरा-वीसपट भिंग हवें. यापलीकडे, म्हणजे बुरशीचे बीजाणु किंवा जिवाणु पाहावयाचे असतील, तर तें काम सूक्ष्मदर्शकाचें. तेथें खिशांतल्या भिंगाचा हट्ट धरूं नये.

मोबाईलला चिमट्यानें अडकविण्याचें भिंग कांहीं शेंकडा रुपयांत मिळतें, आणि आमच्या मतें बहुतेक शेतकऱ्यांस तेवढेंच पुरे आहे. मात्र डबीवर छापलेल्या आंकड्यांस भुलूं नये. साठपट, शंभरपट असें लिहिलेल्या भिंगांपेक्षां प्रामाणिक दसपट भिंग अधिक उपयोगी. परीक्षा सोपी आहे. दुकानांत जातांना मुलाच्या वहींतील मिलिमीटरच्या चौकटींचा आलेखाचा कागद बरोबर न्यावा व भिंग लावून त्याचें छायाचित्र घ्यावें. कडेच्या रेषा वांकड्या झाल्या, किंवा त्यांच्या कांठांना जांभळी-हिरवी झालर दिसली, तर तें भिंग परत ठेवावें. दोन निरनिराळ्या कांचा एकत्र जोडून केलेल्या भिंगांत ही झालर पुष्कळ कमी असते. त्याच कागदावर चित्राच्या रुंदींत किती मिलिमीटर मावतात तेंही मोजावें. मोठेपणाचा खरा आंकडा तो.

अलीकडच्या मोबाईलांस मागें दोन-तीन डोळे असतात, आणि जवळच्या चित्रासाठीं म्हणून दिलेला लहान डोळा स्वस्त मोबाईलांत फार कमी तपशील टिपतो. म्हणून चिमट्याचें भिंग मुख्य डोळ्यावरच बसवावें. तो कोणता, हें एकेका डोळ्यावर बोट ठेवून पाहिल्यास लगेच कळतें. दसपट भिंगापासून पान सुमारें अडीच सेंटिमीटरांवर आलें कीं चित्र रेखीव दिसूं लागतें; त्याहून दूर धरून पडद्यावर बोटांनीं चित्र ताणण्यांत कांहीं लाभ नाहीं.

आतां ज्यांच्या घरीं लेन्स बदलतां येणारा कॅमेरा आहे, त्यांच्याविषयीं. दुकानदार त्यांस प्रथम मॅक्रो लेन्स दाखवितो. तिच्यानें किडीची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आंतील पटलावर किडीच्या मूळ आकाराएवढी पडते. वस्तु उत्तम, पण किंमत बहुधा दहा हजारांच्या पटींत. तिच्याआधीं तीन स्वस्त उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे लेन्सच्या तोंडावर स्क्रूनें बसविण्याचें जोडभिंग. ही कॅमेऱ्याची चाळिशीच समजावी. चष्म्याचा जसा अधिक नंबर, तसाच हिचा. अधिक दोन नंबराचें भिंग पन्नास सेंटिमीटरांवर, अधिक चारचें पंचवीस सेंटिमीटरांवर चित्र जुळवितें. लेन्सचें नाभीय अंतर जितकें मोठें तितका या चाळिशीचा गुण अधिक : २०० मिलिमीटरच्या लेन्सवर अधिक पांचचें भिंग मूळ आकाराएवढी प्रतिमा देतें, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सवर तेंच भिंग जेमतेम पावपट प्रतिमा देतें.

दुसरा उपाय, लेन्स व कॅमेरा यांच्यामध्यें बसविण्याची पोकळ नळी, जिला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. हिच्यांत कांच नसल्यानें कांचेचा दोष येत नाहीं. मात्र प्रकाश घटतो. हिचा हिशेब उलटा आहे : ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लाविल्यास निम्म्या आकाराची, आणि ५० मिलिमीटरची लाविल्यास पूर्ण आकाराची प्रतिमा मिळते; पण २०० मिलिमीटरच्या लेन्सला तीच नळी फारशी उपयोगी पडत नाहीं. लांब लेन्सला चाळिशी आणि आखूड लेन्सला नळी, एवढें ध्यानांत ठेवल्यास निम्मा खर्च वांचेल.

तिसरा उपाय, एक कडें लावून लेन्सच उलटी बसविण्याचा. हा सर्वांत स्वस्त. परंतु लेन्सची मागची कांच शेतांतील धुळीसमोर उघडी पडते, आणि कॅमेऱ्यावरून छिद्र लहान-मोठें करतां येत नाहीं. हौसेस ठीक, बांधावर नव्हे.

कोणी मॅक्रो लेन्सच घेणार असेल, तर ती ९० ते १०५ मिलिमीटरची घ्यावी. ५०-६० मिलिमीटरची लेन्स किडीच्या इतकी जवळ न्यावी लागते कीं तिची सावली पानावर पडते, आणि तुडतुड्यासारखी चपळ कीड तेवढ्यानें उडून जाते. १०० मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सला दहा-पंधरा सेंटिमीटरांचें मोकळें अंतर राहतें.

पण हें सर्व घेऊनही चित्र बिघडतें तें दोन कारणांनीं, आणि त्यांवर दुकानांत औषध नाहीं. पहिलें, रेखीवपणाची खोली. प्रतिमा मूळ आकाराएवढी केली म्हणजे मोठ्या पटलाच्या कॅमेऱ्यांत एफ-आठ छिद्राला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग रेखीव येतो. छिद्र एफ-सोळा केल्यास दोन मिलिमीटर होतो. त्याहून लहान करावें तर प्रकाशाच्या पसरण्यानें सगळेंच चित्र मऊ होतें. म्हणून पान सपाट पुठ्ठ्यावर टांचण्यांनीं बसवावें व भिंग त्याला अगदीं समांतर धरावें. अळी आडवी, कुशीवर दिसेल अशी घ्यावी. दुसरें, वारा व उजेड. वाऱ्यावर हलणाऱ्या पानाचें निकट चित्र घेणें म्हणजे चालत्या गाडींतून सुईंत दोरा ओंवणें होय. पान तोडून, सावलींत पण मोकळ्या उजेडांत, हात कशावर तरी टेकून चित्र घ्यावें. शेजारीं आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवावा, म्हणजे किडीचें मोजमाप पाहणाऱ्यास आपोआप कळतें. एक चित्र सबंध झाडाचें, एक पानाच्या वरच्या बाजूचें, एक खालच्या बाजूचें, आणि मग एक भिंगांतून. या चार चित्रांनीं जें समजतें तें एकाच झगझगीत चित्रानें समजत नाहीं.

कोणी म्हणतील, आमच्या वाडवडिलांनीं भिंगावांचून शेती केली. खरें आहे, पण त्यांच्या काळीं बाहेरदेशची कीड दोन-चार हंगामांत सगळ्या देशभर पसरत नव्हती, आणि औषधांचीं इतकीं नांवेंही दुकानांत नव्हतीं. महाराष्ट्रांत २००९ सालापासून क्रॉपसॅप योजनेखालीं पिकांवरील किडींची पाहणी होते. २०२४ सालीं केंद्र सरकारनें मोबाईलच्या छायाचित्रावरून कीड ओळखण्याची व्यवस्था सुरू केली. यंत्र असो वा तज्ज्ञ, जें चित्रांत नाहीं तें कोणीच सांगूं शकत नाहीं.

तेव्हां आमचें मत असें कीं प्रत्येकानें महाग लेन्सच्या मागें लागूं नये. प्रत्येक घरीं एक चांगलें दसपट भिंग असावें. आणि संघाच्या प्रत्येक शाखेनें एक जुना पण धड कॅमेरा, एक नळ्यांचा जोड, एक वीसपट भिंग व आलेखाच्या कागदाची वही, एवढा संच वर्गणींतून घेऊन सभासदांस पाळीपाळीनें द्यावा. फवारणीच्या पंपाचा खर्च जो मुकाट्यानें सोसतो, त्याला हा खर्च जड नाहीं. आणि तरीही शंका राहिली, तर वाडवडिलांचा रुमाल अजून घरांत आहे. त्यांत फांदी बांधून घेऊन जाण्यास कोणीही लाजूं नये. त्या मिरचीच्या शेंड्याबद्दल आम्हीं दिलेलें उत्तर अशाच एका फांदीनें खोटें ठरविलें, हें आम्ही विसरलों नाहीं.