तंबूत शेगडी नको

दिवाळीच्या आसपास एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन स्पितीला निघालेली मंडळी असतात. थारच्या किंवा जिमनीच्या टपावर हौसेने रूफटॉप टेंट बसवून घेतलेला असतो. ते विचारतात, "रात्री तंबू गरम ठेवायला हीटर कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. हीटरचं नंतर बघू, आधी अंगाखाली काय घालणार ते सांगा.

थंडी वरून येते असं आपण धरून चालतो, म्हणून पांघरुणांवर पांघरुणं घेतो. टपावरच्या तंबूत ती खालून येते. जमिनीवरच्या तंबूखालून निदान वारा वाहत नाही. घडी उलगडून उघडणाऱ्या टपावरच्या तंबूचा अर्धा भाग गाडीच्या बाहेर, शिडीच्या आधारावर अधांतरी असतो. तिथे आपली पाठ आणि बाहेरचा वारा यांच्यामध्ये एक पातळ फळी आणि काही सेंटिमीटर फोम एवढंच काय ते असतं. स्लीपिंग बॅगचाही खालून उपयोग होत नाही. ऊब धरून ठेवते ती पिसांमध्ये अडकलेली हवा, आणि आपल्या वजनाखाली पिसं दबली की ती हवाच निघून जाते. स्पितीतलं लांगझा गाव सुमारे 4,400 मीटरवर आहे. तिथे ऑक्टोबरात पारा शून्याखाली उतरतो आणि पहाटे पहिली कुरकूर कंबर करते.

म्हणून फळी आणि गादी यांच्यामध्ये पाणी न शोषणारी फोमची मॅट घालावी आणि गादीवर घोंगडी अंथरावी. आपल्या धनगरांची, दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी इथे फार कामाला येते. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. सुती चादरीचं तसं नाही, ती ओल धरते आणि अंग गार पाडते. टपावर ठेवण्याआधी वजन मात्र बघावं. चालत्या गाडीच्या टपाला किती भार सोसतो, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

स्लीपिंग बॅग घेतानाही नीट वाचावं. चांगल्या बॅगवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. दुकानदार बोट ठेवतो ते बहुधा सर्वांत खालच्या आकड्यावर. एक्स्ट्रीम म्हणजे जीव कसाबसा तगेल असं तापमान, झोप लागेल असं नव्हे. आपण कम्फर्टचा आकडा धरावा आणि जिथे जाणार तिथल्या पहाटेशी तो ताडून बघावा.

दुसरा शत्रू आपणच घेऊन येतो, तो म्हणजे श्वासातली वाफ. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, खिडक्या गच्च बंद असतात, आणि ती वाफ गार कापडावर पाणी होऊन बसते. सकाळी गादीचा कोपरा उचलून बघा. फळीवर थेंबच थेंब दिसतात, कडेला बर्फाचा पातळ थर धरलेला असतो आणि गादीची खालची बाजू हाताला ओली लागते. पुढच्या रात्री झोपायचं ते त्याच ओल्या गादीवर. म्हणून कितीही गारठा असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्यांची वरची कड चार बोटं उघडी ठेवायची, आणि ऊन आलं की गादी उभी करून वाळवायची. थोडा वारा परवडतो, ओल परवडत नाही.

आता हीटर. गॅसची शेगडी, कोळशाची अंगीठी, यातलं काहीही तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. उंचावर विरळ हवा बाधते तेव्हाही नेमकं हेच होतं. चार हजार मीटरवर डोकं दुखलं की माणूस म्हणतो, उंची लागली असेल, आणि कूस बदलून झोपतो. मला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

1934 साली ध्रुवसंशोधक ॲडमिरल रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात बर्फात पुरलेल्या एका झोपडीत एकटे राहिले. शेगडीच्या आणि जनरेटरच्या धुराने त्यांना विषबाधा झाली. शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर गोठणं. रेडिओवरचे त्यांचे संदेश विचित्र येऊ लागले तेव्हा साथीदारांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये ते त्यांच्यापर्यंत पोचले. इतक्या जाणत्या माणसाची ही गत झाली.

डिझेलवर चालणारा, यंत्र बाहेर ठेवून नळीने फक्त गरम हवा आत सोडणारा हीटर मिळतो. तो त्यातल्या त्यात बरा. त्याच्या धुराचं तोंड तंबूपासून लांब, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन ठेवावं आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. पण कडाक्याच्या थंडीत साधं डिझेलच घट्ट होतं. इंडियन ऑइलने 2019 साली लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं ते याच कारणाने. सगळी रात्र या यंत्राच्या भरवशावर टाकू नये.

तंबूतली खरी शेगडी म्हणजे आपलं शरीर. तिला सरपण द्यावं. झोपण्याआधी तुपातला शिरा, नाहीतर शेंगदाण्याचे लाडू खावेत. दिवसभराचे घामेजलेले कपडे बदलून कोरडे घालावेत, कानटोपी घालावी, मोजे सैल असावेत. गरम पाण्याची रबरी पिशवी पायांशी ठेवावी. दारू घेऊ नये. तिने अंग तापल्यासारखं वाटतं, पण कातडीकडे रक्त वाढून शरीराची ऊब उलट लवकर निघून जाते.

आणि एवढं करूनही पहाटेचा पारा बॅगच्या आकड्याखाली जाणार असेल, तर तंबू मिटून गावात जा. लांगझाला होमस्टे आहेत. जाड मातीच्या भिंती, मध्ये तंदूर आणि त्याचा धूर छपराबाहेर नेणारी नळी. या थंडीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांनी ती घरं बांधली आहेत. त्यांच्या दारात जाऊन जागा मागण्यात कसला कमीपणा? तंबू उद्याही टपावरच असणार आहे. तुम्ही धडधाकट घरी परतायला हवं.