कर्ज काढण्याआधी

आमच्या वस्तीत एका घराने आजोबांच्या ऑपरेशनसाठी दागिने मोडायला काढले. पोटाचा कॅन्सर यकृतात पसरलेला. आम्ही सोबत जाऊन डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "आता जठर कापून रोग जाणार नाही. केमोथेरपीने काही काळ आटोक्यात राहील, त्रास कमी होईल."

बंधू-भगिनींनो, आधी रेशनकार्ड काढा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत केमोथेरपीची सोय आहे. मुंबईला टाटा हॉस्पिटलात जावे लागलेच, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. वेदनांसाठी डॉक्टरांनी मॉर्फिन दिले तर भिऊ नका.

सर्वांनी टाकलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः न्हाऊ घातले. रोग हटत नसला, तरी सेवा आपल्या हाती आहे. जयभीम!